हार्ड डिस्क व वैयक्तिक फायलींचे नव्या संगणकावर स्थलांतर

जुन्या संगणकातील हार्ड डिस्क किंवा एसएसडी नव्या संगणकाला जोडून तिच्यावरील फायली तेथे वापरण्याजोग्या करणे म्हणजे स्थलांतर. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप लागते, म्हणून धडधाकट चालणारे अनेक संगणकही बदलावे लागत आहेत. डिस्क काढून बसवणे हा यातला सोपा भाग आहे. फायली उघडण्यासाठी लागणाऱ्या किल्ल्या, परवाने आणि फाँट जुन्या यंत्रात किंवा तिथल्या लॉगिनमध्ये अडकलेले असतात. त्यामुळे निम्म्याहून अधिक काम जुना संगणक चालू असतानाच उरकावे लागते.

पूर्वतयारी : सर्वांत आधी बिटलॉकर (डिस्कवरील डेटा किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) तपासावे. डिस्क कूटबद्ध असेल तर तिची किल्ली मदरबोर्डवरील टीपीएममध्ये असते आणि दुसऱ्या यंत्राला जोडताच डिस्क ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर आतला डेटा कोणत्याही दुकानात परत मिळत नाही. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की बहुतेक यंत्रांवर हे कूटबद्धीकरण आपोआप सुरू होते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ही की बहुधा त्याच खात्याच्या पानावर सापडते; ती कागदावर उतरवून ठेवावी. त्याहून निर्धोक मार्ग म्हणजे बिटलॉकर बंद करून डिस्कवरील कूटबद्धीकरण पूर्ण उतरू देणे.

क्रोममधील पासवर्ड विंडोजच्या लॉगिनशी बांधलेले असतात. प्रोफाइलचा फोल्डर जसाच्या तसा उचलून नेला तरी ते नव्या यंत्रावर उघडत नाहीत. गूगल खात्याशी सिंक करावे किंवा पासवर्डची फाइल निर्यात करावी. फायरफॉक्सची प्रोफाइल मात्र पासवर्डसकट हलते. वनड्राइव्हमध्ये ज्या फायलींवर ढगाचे चिन्ह दिसते त्या डिस्कवर नसतातच, असते ते फक्त नाव. अशा फायली आधी उतरवून घ्याव्यात. टॅलीचा परवाना जुन्या संगणकावर सरेंडर (परत) करून मगच नव्यावर सुरू करावा. टॅलीचा डेटा आकड्यांची नावे असलेल्या फोल्डरांत असतो. त्यांचा मार्ग टॅलीतच पाहून टिपून ठेवावा. अखेरीस शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करावे. एरवी ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोज अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्ससारख्या दुसऱ्या प्रणालीत ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडते.

काय न्यायचे : आपल्याकडे एकाच डिस्कचे ‘सी’ आणि ‘डी’ असे भाग पाडण्याची पद्धत आहे. त्यातून ‘माझे सगळे डीमध्ये आहे’ असा समज पक्का झाला आहे, आणि डेटा गमावण्याचे हेच मोठे कारण आहे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे फोल्डर मुळात सी ड्राइव्हवरील ‘यूजर्स’मध्ये वापरकर्त्याच्या नावाखाली असतात. ‘सी फॉरमॅट करतो’ म्हणणाऱ्याला होकार देण्याआधी तो फोल्डर पूर्ण उचलावा. त्यातच ‘ॲपडेटा’ हा लपवलेला फोल्डर आहे. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमची सारी पत्रे तिथल्या ‘रोमिंग’मध्ये असतात, तो बंद करून प्रोफाइल उचलली की ती नव्या यंत्रावर चालते. आउटलुकची पीएसटी ही पत्रे साठवणारी फाइल नेणे आवश्यक आहे. ओएसटी ही सर्व्हरवरील टपालाची नक्कल असते, ती नव्याने तयार होते. प्रोग्रॅमचे फोल्डर उचलून काही साधत नाही, ते पुन्हा इन्स्टॉल करावे लागतात.

मराठी मजकूर आणि जुने फाँट : हा भाग इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही, पण छापखाने, शाळा, पतसंस्था आणि वकिलांच्या कार्यालयांत सर्वाधिक नुकसान इथेच होते. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची आजची समान संकेतपद्धत) रुळण्यापूर्वीचा मराठी मजकूर श्री-लिपी, पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम किंवा कृतिदेव अशा फाँटांत टंकलेला असतो. अशा फायलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेतांक साठवलेले असतात; त्यांना देवनागरी रूप देतो तो फाँट. नव्या संगणकावर तो नसला की पानभर निरर्थक चिन्हे दिसतात आणि फाइल बिघडली असा समज होतो. फाइल शाबूत असते. तिला मंगल किंवा दुसरा युनिकोड फाँट लावून ती सेव्ह करू नये. कोणता फाँट होता ही खूण त्याने पुसली जाते, आणि रूपांतर करणाऱ्या साधनाला तीच खूण लागते.

फाँटचे नाव नेमके जुळावे लागते. ‘डीव्ही-टीटी सुरेख’ आणि ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ छापील पानावर सारखे दिसले तरी दोहोंचे संकेतांक वेगळे आहेत. विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरबरोबरच वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’तील फाँटही पाहावेत, कारण विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत एकाच वापरकर्त्यापुरते बसवलेले फाँट तेथे जातात. या फाँटांचे सॉफ्टवेअर डोंगलवर (परवान्यासाठी संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणावर) चालणारे असेल तर ते डोंगल व मूळ सीडी जपून ठेवावी. पेजमेकर या पानरचनेच्या प्रोग्रॅममधील पुस्तके, स्मरणिका आणि लग्नपत्रिकांचे नमुने असतील तर जुने यंत्र चालू असतानाच फाँट अंतर्भूत करून त्यांच्या पीडीएफ काढून ठेवाव्यात. पुढे काहीच जुळले नाही तरी मजकूर निदान वाचता येतो.

जोडणी : साटा (डिस्क जोडण्याची प्रचलित पद्धत) डिस्कला दोन केबली लागतात, ७ पिनांची डेटासाठी आणि १५ पिनांची विजेसाठी. २.५ इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे यूएसबी केबल पुरते. ३.५ इंचीला १२ व्होल्टही लागतात. वेगळ्या अडॅप्टरशिवाय ती फिरत नाही. एम.२ म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीचे साटा आणि त्याहून वेगवान एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. आकार सारखाच, बहुधा २२ मिमी रुंद व ८० मिमी लांब. परंतु एसएसडी यूएसबीने जोडण्याचे स्वस्त केसिंग यांपैकी एकच ओळखते, म्हणून घेण्यापूर्वी एसएसडीवरचे लेबल वाचावे.

डिस्क कॅबिनेटमध्ये बसवताना जुन्या मॉड्युलर (सुट्या केबली असलेल्या) एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज देणाऱ्या पेटीची, केबल नव्या एसएमपीएसला कधीही लावू नये. एसएमपीएसच्या बाजूचा प्लग हुबेहूब बसतो, पण त्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रमाणित नाही. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्कचा बोर्ड क्षणात जळतो.

डिस्क जोडल्यावर विंडोजने ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइझ’ करू का असे विचारले, तर नकार द्यावा. डिस्क मॅकची किंवा लिनक्सची असणे, तिची फाइल-रचना बिघडलेली असणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. डिस्क दिसत नसेल तर ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये तिला अक्षर दिले आहे का ते पाहावे. मूळ डिस्क आणि तिचा क्लोन (हुबेहूब नक्कल) एकत्र जोडले तर दोहोंची ओळख-सही एकच असल्याने विंडोज एकीला ‘ऑफलाइन’ ठेवते.

जुन्या डिस्कवरील विंडोजच नव्या यंत्रात चालवणे कधी कधी जमते. जुनी मांडणी एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवण्याची जुनी पद्धत) आणि नवे यंत्र केवळ यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत) असेल तर ते सुरूच होत नाही. शिवाय यंत्राबरोबर आलेला ओईएम परवाना जुन्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. नव्या एसएसडीवर विंडोज नव्याने बसवावे, हेच योग्य.

नक्कल : नेहमी कॉपी करावी, कट नव्हे. मधल्या पेन ड्राइव्हची रचना एफएटी३२ असेल तर त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही, एक्सफॅट ही रचना वापरावी. ५०० जीबीला यूएसबी २.० वर सुमारे ४ तास लागतात, यूएसबी ३.० वर साध्या हार्ड डिस्कवरून दीड तास. हजारो बारीक फायली असल्यास वेळ आणखी वाढतो. रोबोकॉपी हे विंडोजमधील साधन मोठ्या कामाला उत्तम आहे, पण अडलेल्या फाइलवर ते मुळात ३०-३० सेकंदांनी १० लाख वेळा प्रयत्न करते. हा आकडा एकदोनवर आणावा आणि नोंदवही (लॉग) चालू ठेवावी.

‘ॲक्सेस डिनाइड’ आले तर फोल्डरची मालकी जुन्या वापरकर्त्याकडे आहे असे समजावे. ‘सिक्युरिटी’तील ‘ॲडव्हान्स्ड’मधून ती आपल्याकडे घेता येते. ईएफएसने (विंडोजची एकेक फाइल कूटबद्ध करण्याची सोय) बंद केलेल्या फायलींना हा उपाय लागू पडत नाही, त्यांना जुन्या खात्याचे प्रमाणपत्रच लागते.

डिस्क टकटक वाजत असेल किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणारे भाग) वाढत असतील तर दुरुस्तीची आज्ञा देऊ नये. तिने मरू घातलेल्या डिस्कवर आणखी ताण पडतो. आवाज नसेल तर सर्वांत मोलाचे फोल्डर आधी काढावेत किंवा लिनक्समधील डीडीरेस्क्यू या साधनाने डिस्कची पूर्ण प्रतिमा (नक्कल) घ्यावी. आवाज असेल तर वीज बंद करून ती डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावी.

मॅकवर स्थलांतराचे हे काम ‘मायग्रेशन असिस्टंट’ करतो. ॲपलच्या एम-मालिकेतील मॅकची साठवण त्याच यंत्राच्या चिपशी कूटबद्ध बांधलेली असल्याने ती काढून अन्यत्र वाचता येत नाही, म्हणून दोन्ही यंत्रे चालू असणे किंवा टाइम मशीनचा (मॅकमधील बॅकअपची सोय) बॅकअप असणे भाग आहे.

पडताळणी व विल्हेवाट : दोन्हीकडील फोल्डरांची फाइलसंख्या आणि ‘साइझ’ जुळवावे, ‘साइझ ऑन डिस्क’ वेगळे निघाले तरी चालते. त्यानंतर प्रत्येक प्रकारची एकेक फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी. जुनी डिस्क निदान एक महिना न पुसता ठेवावी आणि दरम्यान बॅकअप तिसऱ्या जागी घ्यावा. क्विक फॉरमॅटने डेटा जात नाही. हार्ड डिस्क पूर्णपणे एकदा वरून लिहून काढावी. एसएसडीवर असे लिहिणे सर्व पेशींपर्यंत पोचत नाही, म्हणून उत्पादकाने दिलेली ‘सिक्युअर इरेज’ आज्ञा वापरावी. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशी उपकरणे भंगारात न घालता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावीत.