'सरकारी कामात अडथळा' वेगळा, डॉक्टरांसाठीचा कायदा वेगळा

नाशिकच्या सिव्हिलमध्ये डॉक्टरला धक्काबुक्की झाली काय किंवा गंगापूर रोडच्या खासगी हॉस्पिटलात नर्सवर हात उगारला काय, लोक एकच म्हणतात, 'सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल करा.' खासगी हॉस्पिटलात तो लागूच होत नाही.

हा गुन्हा म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 132, जुन्या भारतीय दंड संहितेतलं 353. कर्तव्यावरच्या लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर झाला तरच ते लागतं; शिक्षा 2 वर्षांपर्यंत. सिव्हिलची सिस्टर, पोलीस, महापालिकेचा अग्निशमन जवान त्यात येतात. खासगी नर्स येत नाही.

तिच्यासाठी महाराष्ट्राचा 2010 चा वैद्यकीय सेवा कायदा आहे. तो सरकारी, महापालिकेच्या आणि खासगी अशा सगळ्याच रुग्णालयांना लागू होतो. डॉक्टर, नोंदणीकृत नर्स, पॅरामेडिकल कर्मचारी, अगदी मेडिकल आणि नर्सिंगचे विद्यार्थीसुद्धा त्यात आहेत. मारहाणच व्हायला हवी असं नाही. धमकावणं, काम अडवणं हेही या कायद्यात हिंसेतच मोडतं. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय अटक करू शकतात, आणि अजामीनपात्र. कॅज्युअल्टीतला मॉनिटर फोडला तर खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई; दिली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.

म्हणून तक्रार लिहितानाच या कायद्याचं नाव घालायचं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नर्सला थोबाडीत मारली आणि ठाण्यात नुसती साधी दुखापत, म्हणजे न्याय संहितेचं कलम 115(2), एवढंच लिहिलं, तर तो अदखलपात्र गुन्हा ठरतो. हातात एनसीची (अदखलपात्र नोंदीची) पावती येते आणि मारणारा त्याच संध्याकाळी पुन्हा वॉर्डाच्या दाराशी उभा राहू शकतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती घ्यावी, कलमं वाचावीत, 2010 चा कायदा दिसला नाही तर तिथेच विचारावं. सरकारी डॉक्टरच्या बाबतीत 132 आणि हा कायदा, दोन्ही एकत्र लावता येतात.

कोविडमध्ये 2020 साली साथरोग कायद्यात केलेली दुरुस्ती हा तिसराच विषय, ती साथीपुरतीच.

अग्निशमन जवान मात्र वैद्यकीय कायद्यात येत नाही. बंब गल्लीत अडवून त्याला मारलं तर 132, आणि दुखापत झाली तर 121, ज्यात 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नुसती शिवीगाळ झाली तर 132 लावणं अवघड, कारण केवळ शब्दांनी हल्ला होत नाही असं संहिताच म्हणते. रुग्णालयातल्या धमकीला 2010 च्या कायद्याने दिलेलं संरक्षण या जवानांनाही मिळायला हवं, आणि ते 2027 च्या सिंहस्थाची गर्दी गोदाघाटावर येण्याआधी.