पोथी राखणाऱ्याला आधी काय शिकवावं?

मठातल्या फडताळात, देवघरातल्या पेटीत, जुन्या वाड्याच्या माळ्यावर अजून कितीतरी पोथ्या आणि मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पडून आहेत. १९१७ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणी जे पोचलं, त्याची निगा तज्ज्ञ घेतात. गावातल्या पोथीची निगा घेतो तो पुजारी, एखादा निवृत्त शिक्षक, नाहीतर घरची सून. २००३ मध्ये केंद्राचं हस्तलिखित मिशन सुरू झालं. २०२५च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ची घोषणा झाली, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांचं सर्वेक्षण आणि जतन करण्यासाठी. पण नोंद करून मंडळी परत गेली की पोथी पुन्हा त्याच माणसाच्या हाती. शिकवायचं त्याला, आणि सुरुवात करायची ती काय करू नये इथून.

फाटलेल्या पानाला मायेने लावलेली सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते. तिचा गोंद कागदात मुरतो आणि डाग सहसा जात नाही. लॅमिनेशन त्याहून वाईट. पावसाळा संपला की पोथ्यांना कडक ऊन दाखवण्याची सवयही सोडायला हवी. दमटपणा जातो खरा, पण उन्हातले अतिनील किरण कागदातल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडतात आणि पान ठिसूळ होतं. सावलीत, वाऱ्यावर ठेवलं तरी काम भागतं.

उलट, लाकडी फळ्यांमध्ये दाबून सुती रुमालात बांधण्याची जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे. लाकूड आणि सूत हवेतला ओलावा शोषतात, हवा कोरडी झाली की सोडतात. त्यामुळे आतल्या कागदाला बाहेरचे चढउतार एकदम जाणवत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र ओलावा कोंडतो. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि कोकणात पावसाळाभर ती त्याहून जास्तच असते. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. भिंत गार, मागे हवा खेळत नाही, आणि बुरशी नेमकी तिथून सुरू होते.

पानांना भोकं दिसली की लोक घाबरून डांबराच्या गोळ्या टाकतात. आधी कीड जिवंत आहे का ते बघावं. मऊ ब्रशने पोथी झटकायची, काळ्या कागदावर ठेवायची आणि आठ-दहा दिवसांनी उचलायची. खाली ताजी भुकटी पडली असेल तर आत अळी चरते आहे. मग पोथी हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर एक-दोन आठवडे ठेवता येते. बाहेर काढल्यावर ती पूर्णपणे नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. नाहीतर गार कागदावर दव धरतं. हे शीतपेटीचं काम मात्र जाणकाराला विचारूनच करावं.

शाईही ओळखता यायला हवी. काजळ आणि डिंकाची शाई शतकानुशतकं काळी राहते, पण पाण्याने फुटते. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि हिरडा यांच्या शाईत आम्ल तयार होतं आणि ते अक्षरांखालचा कागद हळूहळू खातं. चित्रांतला जंगालाचा, म्हणजे तांब्याच्या गंजाचा, हिरवा रंगही तसाच. चुका झाकायला वापरलेल्या हरताळ या पिवळ्या खनिजात तर आर्सेनिक हे विष असतं. बोटाला थुंकी लावून पानं उलटायची सवय तेवढ्यासाठी तरी मोडावी.

हे सगळं एका दिवसाच्या शिबिरात सांगून, प्रमाणपत्र देऊन भागत नाही. पोथी राखणाऱ्याच्या हाती ब्रश, धुतलेलं सुती कापड आणि आर्द्रतामापक हवा. शिवाय मोबाइलवर फोटो पाठवला की उत्तर देणारं कुणीतरी हवं. पोथी नेतील ही भीती त्याच्या मनात असते, आणि ती काही निराधार नाही. म्हणून छायाचित्रं त्याच्या घरीच काढावीत, एक प्रत त्याला द्यावी. आणि वर्षातून एकदाच भेट देणं शक्य असेल तर ती जुलै-ऑगस्टमध्ये द्यावी. एप्रिलमध्ये सगळ्याच पोथ्या ठणठणीत दिसतात.