निगेटिव्हवरची रेघ कुठून आली?

३५ मिलिमीटर फिल्मवरची एक फ्रेम असते अवघी २४ बाय ३६ मिलिमीटरची. तिच्यावरून ८ बाय १० इंची प्रिंट काढायचा तर सगळं सुमारे साडेआठ पट वाढतं, आणि फिल्मवरची धूळही त्याच पटीत वाढते. ०.०५ मिलिमीटरचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा कण प्रिंटवर जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका होतो, बहुधा कुणाच्या तरी गालावरच! काचेच्या मोठ्या प्लेटवर कागद ठेवून त्याच मापाचा फोटो काढणाऱ्यांना ही धास्ती फारशी नव्हती. १९२५ साली ३५ मिलिमीटर फिल्मचा छोटा जर्मन कॅमेरा लायका बाजारात आला, खिशात मावणारे कॅमेरे रुळले आणि डार्करूममध्ये धुळीशी लढाई सुरू झाली.

या लढाईत आधी गुन्हेगार ओळखावा लागतो. प्रिंटवर काळा ठिपका असेल तर फोटो घेतानाच कण फिल्मवर बसलेला होता. त्याच्याखाली प्रकाश पोचलाच नाही, म्हणून निगेटिव्हवर, म्हणजे उजेड-अंधार उलटे दिसणाऱ्या डेव्हलप केलेल्या फिल्मवर, ती जागा कोरी राहिली आणि प्रिंटवर काळी आली. ठिपका पांढरा असेल तर कॅमेरा निर्दोष, धूळ नंतर एन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्हमधून प्रकाश टाकून मोठा प्रिंट काढणाऱ्या यंत्रात, निगेटिव्हवर बसली. रेघांचंही तसंच. फिल्मच्या एका बाजूला प्लॅस्टिक, दुसऱ्या बाजूला चांदीचे कण धरून ठेवणारा जिलेटिनचा थर. प्लॅस्टिकवर चरा पडला की तिथे प्रकाश विखुरतो आणि प्रिंटवर पांढरी रेघ येते. जिलेटिनच खरवडून गेलं तर रेघ काळी.

रेघ दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीतूनही सरळ पुढे जात असेल, तर संशय दोघांवर: कॅमेऱ्याच्या मागच्या दारावरची, फिल्मला पाठीमागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि कॅसेटचं, म्हणजे फिल्म गुंडाळून ठेवलेल्या छोट्या नळकांड्याचं, तोंड. प्लेट फक्त प्लॅस्टिकच्या बाजूला टेकते, त्यामुळे काळ्या रेघेचा दोष तिच्यावर येत नाही. कॅसेटच्या फटीला प्रकाश अडवण्यासाठी मखमलीचं अस्तर असतं. त्यात वाळूचा एक कण अडकला की छत्तीस फोटोंची दीड मीटरहून लांब फिल्म त्याच्यावरून दोनदा घासत जाते, एकदा पुढे जाताना आणि एकदा गुंडाळताना. म्हणून कॅसेट सुटी खिशात टाकू नये, डबीतच ठेवावी. जुन्या लायकाची पितळी कॅसेट या बाबतीत फारच हुशार होती. कॅमेऱ्याच्या तळाची किल्ली फिरवली की तिची फट रुंद उघडायची आणि फिल्म कशालाही न घासता बाहेर यायची. वापरून फेकायच्या कॅसेटपुढे ती मागे पडली, याची मला अजून हळहळ वाटते.

खात्री करायची तर एखादा वाया जाणारा रोल घ्या. कॅसेटमधून वीतभर फिल्म हातानेच ओढा आणि दिव्याखाली तिरपी धरून पाहा. रेघ तिथेच दिसली तर कॅसेट दोषी. कॅमेऱ्यातून फिरवल्यावरच उमटली तर प्लेट आणि फिल्म ज्यांवरून सरकते ते रूळ पुसायला घ्या. कॅमेरा उघडून उघडी बाजू खाली धरायची, रबरी ब्लोअरने फुंकर मारायची, मऊ ब्रश फिरवायचा. तोंडाने फुंकलं तर थुंकीचे शिंतोडे उडतात. डब्यातली दाबाची हवा शटरचं पातळ पातं वाकवू शकते.

फिल्म गुंडाळताना घाई नको. कोरड्या हवेत भराभर फिरवलेल्या फिल्मवर स्थिर वीज साठते. ती धूळ ओढते, आणि ठिणगी पडलीच तर झाडाच्या फांद्यांसारखी खूण कायमची उमटते. सैल रोल ओढून घट्टही करू नये, वेटोळी एकमेकांवर घासतात.

डेव्हलप केलेली ओली फिल्म तर सगळ्यात नाजूक, कारण पाणी पिऊन जिलेटिन फुगलेलं असतं. ती न पुसता बाथरूममध्ये टांगावी. त्याआधी गरम पाणी सोडून वाफ केली तर हवेतली धूळ खाली बसते.

इतकं करूनही प्लॅस्टिकवर चरा पडलाच, तर जुने लोक नाकाच्या शेंड्यावरचं तेल बोटाने त्यावर चोळत. तेलाने खाच भरली की प्रकाश विखुरत नाही आणि रेघ दिसेनाशी होते. आजचे काही स्कॅनर हेच काम अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी करतात: रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं त्या किरणांना पारदर्शक असतात, त्यामुळे धूळ आणि चरे वेगळे दिसतात आणि सॉफ्टवेअर ते बुजवतं. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममधली चांदी मात्र हे किरणही अडवते, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही.