तुमच्या फाइलचं नाव आमचा प्रोग्राम कसं वाचतो

सोसायटीचं दप्तर आमच्या सॉफ्टवेअरवर ठेवणाऱ्यांपैकी कोणाचा ना कोणाचा अधूनमधून फोन येतो: ‘पावती अपलोड केली, तर हा प्रकार चालत नाही म्हणतंय.’ बहुतेक वेळा घोळ नावातल्या टिंबाचा असतो.

नावातल्या शेवटच्या टिंबापुढे जे येतं ते एक्स्टेन्शन, त्यावरून फाइलचा प्रकार कळतो. आमच्या पहिल्या आवृत्तीत कोड पहिल्याच टिंबाशी नाव तोडायचा. ‘सौ. वि. का. यांची पावती.पीडीएफ’ आली की ‘सौ’ एवढंच नाव आणि उरलेलं सगळं एक्स्टेन्शन! मराठी नावांत टिंबं असायचीच, तेव्हा चूक आमचीच होती. आता हे काम पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या तयार फंक्शनकडे सोपवलं आहे, ते शेवटचं टिंब धरतं. स्कॅनर एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये देतो, तेही चालतं.

पण ‘देखभाल पावती १२.०५.२०२४’ असं नाव एक्स्टेन्शनशिवाय आलं, तर ‘२०२४’ हेच एक्स्टेन्शन ठरतं. त्यावर कोडमध्ये इलाज करण्यापेक्षा तारीख ‘२०२४-०५-१२’ अशी लिहिणं सोपं. वर्ष आधी असलं की यादीही तारखेनुसार लागते. तिरकी रेघ मात्र नको, विंडोज ती नावात घेतच नाही.

नाव बदलून फाइलचा प्रकार बदलत नाही. वर्डच्या फाइलला ‘पीडीएफ’ नाव दिलंत तरी आत वर्डच राहतं. म्हणून आम्ही आतले पहिले काही बाइटही तपासतो. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरं असतात. झिप, म्हणजे अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेली फाइल, ‘पीके’ने सुरू होते, झिपचा कर्ता फिल कॅट्झ, त्याची ही आद्याक्षरं. वर्ड-एक्सेलच्या हल्लीच्या फाइली आतून झिपच असल्यामुळे त्याही ‘पीके’नेच सुरू होतात. तिथे आणखी आत डोकवावं लागतं, आणि अपलोडला क्षणभर जास्त लागतो तो त्यामुळेच.

ही तपासणी सुरक्षेसाठीही आहे. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शनं लपवतं, त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ हा प्रोग्राम तुम्हाला नुसता ‘बिल.पीडीएफ’ दिसतो. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसने हीच युक्ती वापरली होती: वरकरणी टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, शेवटी व्हीबीएस म्हणजे चालणारा प्रोग्राम. विंडोज ११ असेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, तिथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करून ठेवा. आजच करा.

एक अडचण खास मराठीची. ‘दुसऱ्या तिमाहीचा अहवाल’ यातला ‘ऱ्या’ कीबोर्डनुसार निरनिराळ्या प्रकारे उमटतो: कुठे ‘ऱ’ हे एकच अक्षर, कुठे ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचं टिंब), कुठे ‘र्’ला न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह. डोळ्यांना सारखंच, कॉम्प्युटरला वेगळं. सेक्रेटरींनी टाइप केलेलं नाव खजिनदारांना शोधून सापडत नव्हतं ते ह्यामुळे. आता शोधताना आम्ही तिन्ही रूपं एकच मानतो.

तुम्ही दिलेलं नाव मात्र आम्ही बदलत नाही. सर्व्हरवर फाइल क्रमांकाने ठेवतो. पडद्यावर आणि डाउनलोडला तुमचंच नाव येतं.