पुढच्या ॲक्सलचे ऑइल सील : निगा व दुरुस्ती

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या ॲक्सलमधील गिअर ऑइल आत, सांध्यांचे आणि बेअरिंगचे ग्रीस आपापल्या जागी व चिखल-पाणी बाहेर राखणारी रबरी सील तपासणे, साफ ठेवणे आणि वेळेवर बदलणे. मागच्या ॲक्सलला हा प्रश्न एवढा छळत नाही. पुढची चाके फिरतात आणि शिवाय वळतातही, त्यामुळे शाफ्टभोवती एक गोल सील ठोकून काम भागत नाही.

सलग पुढचा ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारी एकसंध कडक नळी) असलेल्या गाड्यांत दोन प्रकारची रचना आढळते. टोयोटा लँड क्रूझरची ७० व ८० मालिका, जुन्या लँड रोव्हर आणि सुझुकीच्या जिप्सी-जिम्नी कुळातील गाड्या यांत बंद नकल (चाक धरून त्याच्यासह वळणारा भाग) असतो. ॲक्सलच्या नळीच्या टोकाला पोकळ गोळा, त्यावर टोपीसारखा बसलेला नकल आणि आत ग्रीसमध्ये बुडालेला शाफ्टचा वळता सांधा, अशी ही मांडणी आहे. येथे तीन ठिकाणी सील लागते. गोळ्याच्या आत, नळीच्या तोंडाशी शाफ्टवरचे आतले सील. गोळ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर घासणारे फेल्ट-रबराचे पुसणी सील. आणि ब्रेकच्या बाजूला हबचे (चाक ज्यावर बसते त्या भागाचे) सील. जीपच्या अलीकडच्या डाना ॲक्सलमध्ये नकल उघडा असतो, सांधा उघड्यावर फिरतो आणि ऑइल अडवणारे आतले सील थेट डिफरन्शियलपाशी (ॲक्सलमधल्या, दोन्ही चाकांना फिरवणाऱ्या गिअरसंचापाशी) असते. ते बदलायचे तर डिफरन्शियलचा कॅरियर (गिअर धरणारा सांगाडा) बाहेर काढावा लागतो. त्यामुळे उघड्या नकलची देखभाल सोपी असते हे म्हणणे अर्धेच खरे आहे. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांत डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंची सील आणि ड्राइव्ह शाफ्टवरचे रबरी बूट एवढेच पाहावे लागते.

सीलची कड पातळ असते आणि तिच्यामागे बारीक गोल स्प्रिंग असते. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे असल्याने आतला दाब कडेला शाफ्टवर आवळतो. बाहेरून आलेला दाब मात्र तीच कड उचलतो. पाण्यातून जाताना घात होतो तो इथे. लांबच्या प्रवासाने ॲक्सलमधली हवा ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि ओढ्यात उतरताच २५ अंशांवर आली, तर बंद जागेतला दाब सुमारे १५ टक्क्यांनी घटतो. अर्धा मीटर खोल पाण्याचा स्वतःचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम ५ टक्के असतो. म्हणजे पाणी आत ढकलले जाते त्याहून जास्त ओढले जाते. हे टाळण्यासाठी ॲक्सलवर ब्रीदर (हवेची ये-जा होऊ देणारे छिद्र) असतो. तो चिखलाने बुजला की थंडावताना सीलमधून पाणी आत येते आणि तापताना ऑइल बाहेर जाते. ब्रीदरला नळी जोडून तिचे तोंड बॉनेटखाली उंच नेणे हा स्वस्तातला आणि सर्वांत उपयोगी फेरफार आहे. एवढे एक काम सोडून महागडी सील विकत घेणाऱ्यांची कमतरता नाही.

सील गळते तेव्हा बहुधा दोष दुसरीकडे असतो. स्पिंडलमधला (हब ज्याभोवती फिरतो त्या पोकळ दांड्यातला) बुश झिजला की शाफ्ट खाली लोंबतो. सीलच्या कडेचा खालचा भाग दबतो आणि वरचा सुटतो. किंगपिनची (नकल ज्यांवर वळतो त्या खुंट्यांची) बेअरिंग ढिली झाली की नकल डुगडुगतो आणि पुसणी सील एका बाजूला खाल्ले जाते. गोळ्यावर वाळलेला चिखल किंवा गंजाचे खड्डे कानशीसारखे काम करतात. लँड रोव्हरच्या क्रोम चढवलेल्या गोळ्यांचा पापुद्रा एकदा सुटला की नवे पुसणी सीलही फार काळ टिकत नाही. डिफरन्शियलमध्ये ऑइल जास्त भरणे हेही कारण असू शकते. उघड्या नकलच्या ॲक्सलमध्ये नळीत शिरलेला चिखल शाफ्टबरोबर सीलपर्यंत सरकतो.

लक्षणे वाचताना घाई करू नये. गोळ्यावर ग्रीसचा पातळ ओलसर थर असणे योग्यच आहे, त्याने गंज लागत नाही. खाली ओघळ उतरत असतील तर मात्र नकलचा प्लग उघडून आत तार घालून पाहावी. घट्ट काळे ग्रीस निघाले तर ठीक. पातळ, गिअर ऑइलच्या उग्र वासाचे पाणचट मिश्रण निघाले आणि डिफरन्शियलची पातळीही उतरलेली असली, तर आतले सील गेले. ऑइल दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे. ते त्याच दिवशी बदलावे. हबचे सील गेले की ग्रीस ब्रेकवर येते आणि ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते. इथे चालढकल नको. ग्रीस प्यालेले ब्रेक पॅड धुऊन पुन्हा वापरू नयेत.

आतल्या सीलसाठी चाक, ब्रेक, हब, स्पिंडल उतरवून शाफ्ट बाहेर काढतात. पुसणी सीलसाठी नकलही उतरवावा लागतो, म्हणून दोन्ही कामे एकाच वेळी उरकणे शहाणपणाचे. शाफ्टवर जुने सील घासत होते तिथे नखाने चाचपावे. खाच नखाला अडकत असेल तर त्यावर पातळ धातूची स्लीव्ह चढवतात, किंवा जागा असल्यास नवे सील किंचित आत बसवून कड कोऱ्या भागावर आणतात. सील सरळ ठोकावे आणि कडेला ग्रीसचे बोट फिरवावे. शाफ्ट परत घालताना तो हाताने तोलून धरावा लागतो. शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे (स्प्लाइनचे) दात नव्या कडेवरून ओढले गेले की झालेले सगळे काम वाया जाते, आणि बहुतेक ‘खराब निघालेली’ नवी सील अशीच खराब झालेली असतात. किंगपिनची बेअरिंग आवळल्यावर नकल वळवायला लागणारा जोर स्प्रिंग काट्याने मोजतात. आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यावा. लँड क्रूझरच्या नकलमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त ग्रीस सुमारे तीन-चतुर्थांश भरतात. लँड रोव्हरमध्ये पूर्वी इथे ऑइल असे, नंतर पातळसर ग्रीस आले. त्यामुळे एका गाडीची सवय दुसरीला लावू नये.

गरजेपुरती फोर-व्हील ड्राइव्ह लावणाऱ्या आणि हब सुटे करता येणाऱ्या गाडीत पुढचे शाफ्ट महिनोन्‌महिने फिरतच नाहीत. ऑइल खाली बसते, सीलची कड कोरडी पडते. टोयोटाच्या पुस्तिका अशा गाड्यांसाठी महिन्यातून किमान १६ किलोमीटर फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चालवायला सांगतात. ते मऊ किंवा निसरड्या रस्त्यावर करावे, कारण कोरड्या डांबरावर पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ताण साठतो.