जेफरसनच्या दोन वह्या: गार्डन बुक आणि फार्म बुक

थॉमस जेफरसन हा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक आणि तिसरा राष्ट्राध्यक्ष. पण पोट भरत होतं शेतीवर. व्हर्जिनियात माँटिसेलोच्या टेकडीभोवती आणि दूर बेडफर्ड काउंटीत त्याची हजारो एकर जमीन होती. तिथल्या कामाच्या, त्याच्या स्वतःच्या अक्षरातल्या दोन वह्या आजही आहेत: गार्डन बुक आणि फार्म बुक. दोन्ही बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत, आणि दोन्ही छापून काढणारा संपादकही एकच, एडविन बेट्स. त्यामुळे एकीतली नोंद दुसरीच्या नावावर सहज खपून जाते. हा घोळ निस्तरायलाच हवा. नुसती गार्डन बुक वाचणाऱ्याला जो माणूस भेटतो, तो फार्म बुक वाचणाऱ्याला अनोळखी वाटेल.

गार्डन बुक आधीची. ३० मार्च १७६६ ची पहिली नोंद एवढीच, की जांभळं हायसिंथ फुलायला लागलं. जेफरसन तेव्हा २२ वर्षांचा होता. तिथून १८२४ पर्यंत, मधल्या मोठ्या खंडांसह, ही वही चालते. काय पेरलं, कधी उगवलं, ताटात कधी आलं. वाटाण्यावर त्याचा विशेष जीव. फेब्रुवारी १७६७ मध्ये वाटाणा पेरताना तो ५०० दाणे वजन करून बघतो, आणि एका पाइंटच्या मापात साधारण २५०० दाणे मावतात हेही टिपून ठेवतो. मे १७७४ मध्ये ब्लू रिजच्या डोंगरांवर बर्फ दिसतं, दुसऱ्या दिवशी कडाक्याचं दहिवर पडतं, आणि गहू, राय, मका, तंबाखूची रोपं करपून गेल्याची नोंद येते. राष्ट्राध्यक्षपद सोडून १८०९ मध्ये घरी आल्यावर तो रकाने आखून दरवर्षी पेरणीचं वेळापत्रक मांडू लागला. त्यात फसलेल्या वाफ्यांच्या नोंदीही प्रामाणिकपणे केलेल्या आहेत, आणि हे मला मनापासून आवडतं.

या नोंदींत क्रियापदं भरपूर आहेत, पण ती क्रिया करणारा माणूस क्वचितच दिसतो. वाटाणा पेरला. कुणी पेरला? अपवाद आहेत. १७७२ च्या एका नोंदीत ज्युलियस शार्ड नावाचा मजूर दुचाकी ढकलगाडी ३ मिनिटांत भरतो आणि दीड मिनिटात ३० यार्ड नेतो, असा हिशेब आहे. माणसाचं नाव आलं तेही मोजमापाच्या निमित्तानं.

ही माणसं आहेत फार्म बुकमध्ये. ही वही १७७४ च्या जानेवारीत सुरू होते, आणि त्यामागे सरळ कारण आहे. आदल्या वर्षी जेफरसनचा सासरा जॉन वेल्स वारला. वाटणीत जेफरसनच्या बायकोकडून जमीन आली, कर्ज आलं आणि १३५ गुलाम आले. एवढा पसारा एकदम अंगावर पडल्यावर यादी करणं भागच होतं. म्हणून या वहीची पहिली पानं म्हणजे माणसांची यादी: नाव, जन्मसाल, कुठल्या शेतावर. एलिझाबेथ हेमिंग्ज आणि तिची तान्ही मुलगी सॅली याच वाटणीत आल्या.

पुढे, विशेषतः १७९४ मध्ये तो परराष्ट्र खात्यातून निवृत्त होऊन घरी बसला तेव्हा, वही भरू लागली. पाव कुणाला किती, कापड कुणाला किती वार, घोंगडी कुणाला मिळाली. घोंगडी तीन वर्षांतून एकदाच. एका पानावर मुलांच्या कामाची वाटणी आहे: दहा वर्षांपर्यंत लहान भावंडांना सांभाळायचं, दहा ते सोळा मुलग्यांनी खिळे बनवायचे, मुलींनी सूत कातायचं, सोळाव्या वर्षी शेतात जायचं किंवा एखादा धंदा शिकायचा. गव्हाच्या कापणीचा आराखडाही असाच. ग्रेट जॉर्ज नावाच्या गुलामाने खेचराच्या गाडीत सहाण घेऊन फिरायचं आणि कोयत्यांना धार लावत राहायचं, म्हणजे हे सगळं यंत्र समतोल चालेल. यंत्र हा त्याचाच शब्द आहे, आणि ते यंत्र माणसांचं होतं.

फार्म बुकमधल्या नोंदीही जशाच्या तशा घेऊन चालत नाही. सॅली हेमिंग्जची मुलं बेव्हर्ली आणि हॅरिएट यांच्या नावापुढे १८२२ साली पळून गेल्याची खूण आहे. पण हॅरिएटला वाटखर्चाला ५० डॉलर जेफरसनच्याच सांगण्यावरून दिले, असं त्याचा मुकादम एडमंड बेकन यानं नंतर सांगितलं. म्हणजे जाऊ दिलं आणि वहीत पळाली म्हणून लिहिलं. या मुलांचा बाप जेफरसनच होता, हे आज बहुतेक इतिहासकार मानतात. वहीत त्याबद्दल अवाक्षर नाही.

खरी गल्लत होते ती छापील आवृत्त्यांत. बेट्सने गार्डन बुक १९४४ मध्ये आणि फार्म बुक १९५३ मध्ये काढली. दोन्हींत मूळ वहीबरोबर त्या त्या विषयावरची ढीगभर पत्रं घातली. गार्डन बुकच्या पुस्तकात तर वहीपेक्षा पत्रंच जास्त आहेत. "मी म्हातारा असलो तरी माळी म्हणून तरुणच आहे" हे वाक्य गार्डन बुकमधलं म्हणून फिरतं, ते खरं तर १८११ मध्ये चित्रकार चार्ल्स विल्सन पील याला लिहिलेल्या पत्रातलं. दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई शेतावरच्या उत्तम गड्यापेक्षा जास्त फायद्याची, हे भयंकर वाक्यही फार्म बुकच्या मूळ पानांवर शोधू नका. ते १८२० मध्ये जावई जॉन वेल्स एप्स याला लिहिलेल्या पत्रात आहे. दोन्ही वाक्यं त्याचीच, पण वहीत स्वतःसाठी लिहिणं आणि दुसऱ्याला पत्रातून सांगणं यात फरक आहे. सोसायटीने मूळ पानं स्कॅन करून खुली केली आहेत, तेव्हा पडताळणं अवघड नाही.

बियाणं, हवामान, फळझाडं यांसाठी गार्डन बुक उघडा. माँटिसेलोची हजार फूट लांब भाजीची बाग पुन्हा उभी करताना तिचाच आधार झाला. गुलामांची कुटुंबं शोधायची असतील तर फार्म बुकला पर्याय नाही. १९९३ पासून माँटिसेलोत त्यांच्या वंशजांच्या आठवणी गोळा केल्या जात आहेत, त्या जुळवून बघायला हाच लेखी धागा आहे. मात्र तो धागा १८२६ मध्ये जेफरसनबरोबर संपतो. मागे एक लाख डॉलरहून जास्त कर्ज उरलं, आणि जानेवारी १८२७ मध्ये १३० माणसं लिलावात काढली गेली. ती कुठे गेली हे विचारायला फार्म बुक उपयोगी नाही. त्यासाठी विक्रीचे कागद आणि घेणाऱ्यांची दप्तरं चाळावी लागतात.