संडासला जाताना दुखतंय? आधी पोटाकडे बघा

आमच्याकडून सिट्झ बाथचा टब, म्हणजे कोमट पाण्यात बुड बुडवून बसायचा टब, घेणारे बरेच जण विचारतात की यात बसलं की किती दिवसात बरं वाटेल. बसल्यावर आराम पडतो हे खरं, पण नुसत्या टबने दुखणं जात नाही हे टब विकत असूनसुद्धा आम्ही आधीच सांगतो, कारण दुखतं गुदद्वाराशी पण बिघाड बहुतेक वेळा पोटात असतो, आणि पोट तसंच राहिलं तर भरत आलेली जखम पुन्हा फाटते.

होतं काय की मोठं आतडं मळातलं पाणी शोषून घेत असतं. लागली असताना कामात आहे, प्रवासात आहे, बाहेरचं टॉयलेट नको म्हणून दाबून ठेवली की मळ आत पडून राहतो, अजून सुकतो आणि कडक खडा होतो. तो बाहेर पडताना तिथल्या नाजूक कातडीला चीर पडते, हेच फिशर, आणि ही चीर बहुतेक वेळा मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेला असते. शौचाच्या वेळी चिरल्यासारखं दुखतं, नंतर कितीतरी वेळ आग होत राहते. दुखलं की आतला स्नायू आखडतो, तो आखडला की तिथे रक्त कमी पोचतं, रक्त कमी म्हणजे जखम भरायला उशीर, आणि या सगळ्याला घाबरून माणूस जायचंच टाळतो, मग पुढचा मळ अजून कडक. हे चक्र तोडायचंय.

खाली काही झालं की सगळे मूळव्याधच म्हणतात, पण आतली मूळव्याध सहसा दुखत नाही, लाल रक्त पडतं एवढंच. बाहेरच्या कोंबात रक्ताची गाठ झाली तर मात्र अचानक टणक निळसर फुगवटा येतो आणि पहिले 2-3 दिवस फार ठणकतं. कुंथणं आणि मोबाईल घेऊन बसून राहणं, दोन्हीने मूळव्याध वाढते.

जुलाबाचं कोणाच्या लक्षात येत नाही. सारखं पातळ होत असेल तरी कातडी सोलवटते आणि फिशर होऊ शकतं, म्हणून कोणीतरी सांगितलं म्हणून रोज जुलाबाची गोळी घेत राहणं बरोबर नाही. मळ मऊ पण बांधलेला हवा. डॉक्टरांकडे ब्रिस्टल स्टूल चार्ट असतो, त्यात मळाचे 7 प्रकार दाखवलेत, त्यातला 3 किंवा 4 नंबर आपल्याला पाहिजे.

त्यासाठी मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम फायबर लागतं, भाज्या, फळं, डाळी, कोंड्यासकट धान्य यातून. एकदम वाढवू नका, गॅस होऊन पोट फुगतं आणि लोक दोन दिवसात सोडून देतात, हळूहळू वाढवा आणि सोबत पाणी वाढवा. इसबगोल घेत असाल तर भरपूर पाण्यासोबतच घ्या. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, तेव्हा नाष्ट्यानंतर जायची सवय लावा. कमोडवर पायाखाली छोटं स्टूल ठेवा, गुडघे कंबरेच्या वर आले की मार्ग सरळ होतो आणि जोर कमी लागतो. पाच मिनिटात नाही झाली तर उठा, परत लागेल तेव्हा जा. लोहाच्या गोळ्या आणि काही पेनकिलरनेही पोट कडक होतं, पण त्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

टबात पाणी कोमट घ्या, हाताला सोसेल असं, गरम नको. 10-15 मिनिटं, दिवसातून 2-3 वेळा, त्यातली एक वेळ शौचानंतरची. साबण, अँटीसेप्टिक काहीही घालायची गरज नाही, त्याने आग वाढते. नंतर मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. वयस्कर माणसांनी धरून सावकाश उठावं, चक्कर येऊ शकते. स्टेरॉइड असलेलं क्रीम डॉक्टरांना न विचारता आठवड्याच्या वर लावू नका, कातडी पातळ होते.

नवीन फिशर बहुतेक वेळा एवढ्या काळजीने काही आठवड्यात भरतं. 6 ते 8 आठवडे होऊनही दुखत असेल तर ते जुनाट झालंय, स्नायू सैल करणारं मलम किंवा छोटं ऑपरेशन लागू शकतं, ते डॉक्टरच ठरवतील. पण शौचाला गेलं नाही तरी सतत ठणकतंय, सूज आहे, ताप आहे, तर तो गळू असू शकतो, तिथे टबात बसून वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा, पू काढावा लागतो आणि पुढे भगंदरही (आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेली वाट) होऊ शकतो. रक्त काळपट किंवा मळात मिसळलेलं असेल, वजन उतरत असेल, शौचाची सवय बरेच आठवडे बदललेली असेल तर मूळव्याधच असणार असं घरी ठरवू नका, तपासून घ्या, आणि रक्त कधीपासून आणि कसं पडतंय ते न लाजता नीट सांगा.